छोट्या दुर्बिणीतला बाह्यग्रह: फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

“दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह छोट्या दुर्बिणीतून दिसूच शकत नाही. हवेमुळे उजेड कमीजास्त होतो आणि हौशी मंडळी त्यालाच ग्रह समजतात. शिवाय अवकाश दुर्बिणी असताना त्यांच्या नोंदी कोणाला हव्यात?” हा संदेश बराच फिरतो आहे आणि मेहनती निरीक्षकांवर तो अन्याय करतो.

ग्रह ‘दिसला’ असे हे निरीक्षक म्हणतच नाहीत. ते ताऱ्याचा उजेड मोजतात. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यापुढून गेला की उजेड सुमारे १ टक्क्याने उतरतो, काही तास तसाच राहतो आणि पुन्हा चढतो. महाश्व तारकासमूहातल्या एचडी २०९४५८ या ताऱ्यापुढचे अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचे असे पुढून जाणे, १९९९ मध्ये प्रथम टिपले गेले, तेव्हाची एक दुर्बीण जेमतेम १० सेंटिमीटर व्यासाची होती! पुढच्याच वर्षी फिनलंडमधल्या हौशी निरीक्षकांनी तेच अधिक्रमण नोंदवले. पृथ्वीएवढ्या ग्रहाने सूर्यासारख्या ताऱ्याच्या उजेडात होणारी घट मात्र ०.०१ टक्क्याहूनही कमी असते. ती या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर आहे, हे मान्यच.

हवेचा आक्षेप गंभीर आहे, म्हणूनच सगळी पद्धत त्याभोवती उभी आहे. विरळ ढग आला किंवा तारा क्षितिजाकडे कलला की फ्रेममधले शेजारचे तारेही मंदावतात. म्हणून ताऱ्याचा उजेड एकट्याने न मोजता त्याच फ्रेममधल्या तुलना-ताऱ्यांशी ताडून पाहतात. हे तारे शक्यतो त्याच रंगाचे निवडतात, कारण निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. पुष्कळदा फोकस मुद्दाम थोडा बिघडवतात, म्हणजे उजेड अनेक पिक्सेलांवर पसरतो आणि एखाद्या पिक्सेलचा दोष निकालावर उमटत नाही. अधिक्रमणाच्या आधीची आणि नंतरचीही निरीक्षणे घेतात. एवढे करून वर्तवलेल्या वेळेच्या आसपास, दूरदूरच्या ठिकाणांहून तीच घट मिळत असेल, तर तो हवेचा खेळ कसा?

उरला उपयोगाचा प्रश्न. ग्रह शोधणाऱ्या टेस या अवकाश दुर्बिणीचा एक पिक्सेल आकाशाचा २१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंदीचा तुकडा व्यापतो, त्यात शेजारच्या ताऱ्यांचा उजेड मिसळतो. घट नेमकी कोणाची, हे जमिनीवरची छोटी दुर्बीणही सांगू शकते. अधिक्रमणाच्या अचूक वेळेची गरज तर याहून मोठी आहे. ३ दिवसांच्या परिभ्रमणकाळात फक्त १० सेकंदांची चूक असली, तरी ५ वर्षांत अंदाज दीड तासाहून जास्त चुकतो, आणि मोठ्या दुर्बिणीचा राखून ठेवलेला वेळ वाया जातो. बाह्यग्रहांचा अभ्यास करणाऱ्या युरोपच्या नियोजित एरियल अवकाश मोहिमेसाठी या वेळा अद्ययावत ठेवणाऱ्या एक्सोक्लॉक प्रकल्पात हौशी निरीक्षक व्यावसायिकांच्या बरोबरीने काम करतात. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या एचडी १७१५६ या ताऱ्याच्या ग्रहाचे अधिक्रमण होते, हेही २००७ मध्ये लहान दुर्बिणींच्या मोहिमेतूनच कळले.

निरीक्षकाने दाखवलेल्या उजेडाच्या एखाद्या आलेखाबद्दल शंका असेल तर जरूर विचारा: तुलना-तारे कोणते घेतले, आधी-नंतर किती वेळ निरीक्षण केले, घड्याळ कशाशी जुळवले होते. निरीक्षकाकडे याची उत्तरे नसतील, तर तो आलेख बाजूला ठेवा.