भूतानच्या प्रश्नावलीत कोण नाही?

दरवर्षी २० मार्चच्या सुमारास जागतिक आनंद अहवाल येतो. फिनलंड पहिला, आपण शंभराच्या पलीकडे (२०२५ मध्ये ११८ वे), मग दोन दिवस व्हॉट्सॲपवर हळहळ. त्यात कुणीतरी हमखास लिहितं, 'भूतानकडून शिका!' याच अहवालात २०१९ मध्ये भूतान ९५ वा होता, हे कुणाच्या गावीही नसतं.

अर्थात त्या अहवालाची क्रमवारी एकाच प्रश्नावर ठरते: आयुष्य ही शिडी धरली, तर ० ते १० पैकी तुम्ही कितव्या पायरीवर? भूतानचं प्रकरण निराळं आहे. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी सत्तरच्या दशकात 'सकल राष्ट्रीय आनंदा'ची कल्पना मांडली, २००८ च्या राज्यघटनेत ती आली आणि मोजणीसाठी ९ क्षेत्रं, ३३ निर्देशक ठरले. किती तास झोपता, किती तास राबता, शेजाऱ्यांवर भरवसा किती, राग आणि मत्सर कितीदा येतो, असं सगळं विचारतात. रानातल्या जनावरांनी पिकाचं किती नुकसान केलं, हेसुद्धा! या प्रश्नावर मी फिदा आहे. आमच्या कोकणात वानर-माकडांच्या त्रासाला कंटाळून लोकांनी परसातली भाजी लावणं सोडलंय. रात्र रात्र डुकरं राखत बसायचं ते वेगळंच. दरडोई उत्पन्नाच्या कुठल्या रकान्यात हा वैताग दिसतो, सांगा.

तेव्हा प्रश्नावली उत्तमच. माझं भांडण आहे ते शेवटी निघणाऱ्या आकड्याशी. २०१५ मध्ये भूतानचा निर्देशांक ०.७५६ होता, २०२२ मध्ये ०.७८१ झाला. म्हणजे आनंद वाढला. पण त्याच २०२२ मध्ये तिथल्या तरुणांमधली बेकारी २८ टक्क्यांच्या वर होती आणि शिकलेली पोरं ऑस्ट्रेलियाच्या व्हिसामागे लागली होती. सर्वेक्षणवाला प्रश्न विचारणार तो घरात असलेल्या माणसाला. पर्थला गेलेला मुलगा त्याला कुठून भेटणार?

आणि ते तर आपल्या मर्जीने गेले. १९९० च्या आसपास नेपाळी बोलणाऱ्या लाखभर ल्होत्शाम्पांना देश सोडावा लागला. नेपाळमधल्या छावण्यांत त्यांची दीड-दोन दशकं गेली, मग बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी घेतलं. त्यांचं दुःख कुठल्याच निर्देशकात आलं नाही. आनंदाचा पहिला देशव्यापी निर्देशांक निघाला २०१० मध्ये, तोवर ही माणसं यादीतून केव्हाच बाहेर गेली होती. तिथले पंतप्रधान त्शेरिंग तोबगे यांनीही २०१३ मध्ये या आनंदाच्या गजराबद्दल उघड नाराजी दाखवली होती. कर्ज आणि बेकारी समोर असताना नुसत्या गप्पा काय कामाच्या, असा त्यांचा रोख.

म्हणून आपल्याकडे कधी असं काही करायचं ठरलंच, तर भूतानची प्रश्नावली खुशाल घ्या, पण तीत एक प्रश्न वाढवा: या घरातलं कोण कोण बाहेर गेलं, आणि इथे काय मिळालं असतं तर ते राहिले असते? सुरुवात आमच्या रत्नागिरी जिल्ह्यापासून करायला हरकत नाही. फक्त माणसं गणपतीत पाठवा, एरवी निम्म्या घरांना कुलूप असतं.