ओल कशी जोपासावी

बेडरूमच्या छतावर कोपऱ्यात बशीएवढा पिवळट डाग दिसला म्हणून लगेच सेक्रेटरींना फोन लावू नका. असल्या उतावळेपणामुळे कितीतरी होतकरू गळत्या बाळसं धरण्याआधीच गेल्या. डागाखालचं कपाट वीतभर सरकवा, झालं. दिवाळीत पुट्टी भरून रंग मारून घ्या. रंगारी म्हणेल, "साहेब, आत ओल आहे, टिकायचा नाही." त्याला टिकवायचाय कुणाला? भाऊबीजेपर्यंत राहिला म्हणजे पुरे.

पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटले की वरच्या मजल्यावर भांडायला जा. मात्र भांडण निकालात निघता कामा नये. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याचा खर्च सोसायटीचा, संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा त्या सदस्याचा, असं उपविधींत स्वच्छ लिहिलंय. तेव्हा ते पुस्तक कपाटातून काढूच नका. वरच्या काकू म्हणतील, "आमच्याकडे एक थेंब नाही हो." खरंच आहे त्यांचं. सगळं तुमच्याकडे येतंय.

आता पाण्याला सळईपर्यंत जाऊ द्या. सळई गंजली की फुगते, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आत जागा नसते, म्हणून तो काँक्रीटलाच फोडून बाहेर येतो. आधी केसासारखी तड, मग स्लॅब ठोकला की पोकळ आवाज, आणि एक दिवस भर जेवणात ढलपा ताटात. आमटी बदलून घ्या. सळई उघडी दिसत असेल तर तिच्यावर सिमेंट फासा, आतला गंज तसाच ठेवून. उद्योगी जीव आहे, त्याचं तो बघेल.

बाहेरच्या भिंतीत, ड्रेनेजच्या पाइपामागे, पिंपळ उगवला असेल. दोन पानांचा आहे तोवर तो दोन बोटांनी उपटता येतो, म्हणून तेव्हा हात लावू नका. मुळं भिंतीत मुरून चांगला मनगटाएवढा होऊ दे. मग वृक्षतोडीच्या परवानगीसाठी अर्ज, पाहणी, पुन्हा अर्ज अशी भारदस्त कामं निघतात, आणि कमिटी काहीतरी करतेय असं दिसतं.

इमारत 15 वर्षांची झाली की दर 5 वर्षांनी आणि 30 ओलांडल्यावर दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं आदर्श उपविधी सांगतात. तो विषय वार्षिक सभेत पार्किंगनंतर घ्या. पार्किंग संपत नाही. संपलंच, तर मागून कुणीतरी बोलेल, "कशाला पैसे घालवायचे, आपण रीडेव्हलपमेंटला जाणारच आहोत." या वाक्यावर आपल्याकडच्या किती इमारती उभ्या आहेत! बिल्डर अजून आलेला नसतो, आलेला पळालेला असतो किंवा वाढीव चौरस फुटांवरून दोन गट पडलेले असतात. पण वॉटरप्रूफिंग मात्र आजच फुकट जाणार असतं.

यथावकाश बाल्कनीखाली लोखंडी टेकू लागतील. मुलांना खांबांचा खेळ होईल. मुंबईत असाल तर 'सी-1'ची, म्हणजे अतिधोकादायक इमारतीची, नोटीसही दारावर चिकटेल. ताबडतोब विशेष सभा बोलवा. गणसंख्या भरली नाही तर अर्ध्या तासाने तीच पुन्हा भरवा. फक्त गच्चीवर नको. एका वेळी चारपेक्षा जास्त माणसं तिथे चढवू नका, असं इंजिनिअर सांगून गेलाय, आणि खुर्च्या मांडायलाच सहा जण लागतात.