मित्राला मूळव्याध झाली असेल तर

सकाळी भांड्यात लाल दिसलं, की आधी ते दुखणं मित्राला देऊन टाका. आपल्याकडे मूळव्याध स्वतःला कधीच होत नाही. मग शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा. चोरिसाच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा ओलांडल्या, की गोणपाटावर झाडांच्या मुळ्या मांडून बसलेला एखादा वैदू भेटेलच. "कोणाक जाय, भाई?" तो विचारील. "इश्टाक," म्हणा. तो हसायचा नाही. त्याची सगळी गिऱ्हाइकं इष्टांसाठीच येतात.

रद्दीत बांधलेली करडी पुडी घ्या आणि पथ्य नीट ऐका. एकवीस दिवस फेणी बंद, मिरची बंद, रोज ताक, तांबडी भाजी, भरपूर पाणी, जोर करायचा नाही, मोबाइल घेऊन संडासात बसायचं नाही. हे अक्षरशः पाळा. बरं वाटलं की श्रेय पुडीला द्या. ताकाचं नाव काढू नका. पुष्कळदा हे रक्त चार दिवसांत आपोआपच थांबतं, हे तर कुणापाशी बोलूच नका. पिढीजात विद्येचा प्रश्न आहे.

सुश्रुताचं नाव जरूर घ्या, फक्त तो वाचू नका. अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, त्याने चार उपाय सांगितले: औषध, क्षार, अग्नी, शस्त्र. त्यातलं औषध नुकत्याच झालेल्या, कमी त्रासाच्या अर्शाला. म्हणजे नेमकं जे बहुधा आपसूक शांत होतं त्याला! म्हातारा कसलेला होता.

घरात पुरावा मागणारा भाचा असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. नाहीतर तो उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २००५चा आढावा काढून बसेल: सात चाचण्या, ३७८ रुग्ण, तंतुमय पदार्थ नेमाने घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका जवळजवळ निम्मा. तंतुमय म्हणजे आपला इसबगोल. तोही झाडपालाच म्हणा, पण त्यात राम नाही. कुठल्याही फार्मसीत मिळतो, डब्यावर घटक छापलेले, आणि विकणारा मुलगा "कोणाक?" म्हणून विचारतसुद्धा नाही. आपल्या पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, म्हणून तर ती गुणकारी.

डॉक्टरकडे अजिबात जाऊ नका. ते हातमोजा चढवतात. दोन मिनिटांत कळतं की कोंब आहे, चीर आहे की आणखी काही. वय पन्नाशीच्या घरात असेल, वजन उतरलं असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर आतड्याच्या कॅन्सरचं नाव काढून दुर्बीण घालायला सांगतात. सणासुदीत असलं अभद्र कोण ऐकणार? त्यापेक्षा पुडी बरी, ती काही विचारत नाही.

एकवीस दिवसांनी पुन्हा लाल दिसलं तर दुसरी पुडी आणा. वैदू सांगेलच, पथ्य मोडलं असणार. मोडलेलं असतंच, मध्ये शेजारची फेस्त होती. पुड्या मात्र मिक्सरमागे ठेवू नका, तिथे बायकोचा हात पोचतो.

सापडल्याच, तर मित्राच्या.