शुगर फ्री आणि बदलापूर फास्ट

एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिक आहात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर, गोड बंद करा. मी लगेच केमिस्टकडून ती दाबली की एक गोळी पडते ती शुगर फ्रीची डबी आणली. चहा गोड लागतो हो, पण घोट गेला तरी जिभेच्या मागे काहीतरी रेंगाळत राहतं, पाहुणे चपला घालूनही दारात अर्धा तास गप्पा मारतात ना तसं. आई म्हणाली, "त्यापेक्षा बिनसाखरेचा पी की रे." ऐकतोय कोण.

मग परवा ऑफिसात चार वाजता शुगर फ्री चॉकलेट. साखरेचं असतं तर दोन चौकोन खाऊन गपचूप ड्रॉवरमध्ये ठेवलं असतं, पण शुगर फ्री म्हटल्यावर कसला अपराधीपणा, अख्खा बार संपवला आणि सहानंतर दादरला बदलापूर फास्टमध्ये घुसलो.

मुलुंडच्या आसपास पोटात गुरगुरायला लागलं. ठाणे सुटलं आणि गाडी मध्येच थांबली. लोकलला संडास नसतो हे मला वीस वर्षं माहीत आहे, पण त्या दिवशी ते मनापासून कळलं. घाम फुटलेला बघून एका काकांनी बसायला जागा दिली, त्यांना कसं सांगू की काका, बसणं हाच तर धोका आहे.

डोंबिवली आली, उडी मारली, रिक्षा केली आणि थेट सासुरवाडी. सासूबाईंनी दार उघडलं, "अय्या, जावईबापू, असे अचानक?" मी नमस्कार न करता आत पळालो.

मग आत निवांत बसून खिशातला रॅपर काढला. मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं, पॉलिऑल्स मे हॅव लॅक्सेटिव्ह इफेक्ट्स. म्हणजे जुलाब होऊ शकतात! चॉकलेटात साखरेऐवजी घातलेलं माल्टिटॉल हे असंच एक पॉलिऑल, ते लहान आतड्यात पूर्ण शोषलंच जात नाही, उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथे पाणी ओढून घेतं, वर जिवाणू त्याचा गॅस करतात. एवढं सगळं माझ्यात चालू होतं आणि मी डुलक्या काढणाऱ्यांकडे जळून बघत होतो.

मोबाइलवर पुढे वाचत गेलो. माझ्या चहातली गोळी सुक्रालोजची, साखरेच्या सहाशेपट गोड. १९७६ मध्ये लंडनला सापडलं, शशिकांत फडणीस नावाच्या तरुण संशोधकाला. साहेब म्हणाले हे टेस्ट कर, म्हणजे तपास, याने ऐकलं टेस्ट कर, आणि चाखलं. आता मराठीत दोन्ही एकसारखंच लिहितो आपण, फडणीसांची काय चूक!

पण खरी धास्ती पुढे. आतड्याच्या आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं, त्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून उभ्या, दारातल्या डोंबिवलीकरांसारख्या, नको त्याला आत सोडत नाहीत. आणि २०२३ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत असं दिसलं की सुक्रालोज आणि त्याच्यातलं एक उपद्व्यापी रसायन या दोन्हींनी ती फळी सैल पडते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर हां, माझ्या पोटात नाही. पण संडासात बसून वाचणाऱ्याला एवढा फरक कुठला कळतोय. बरं, त्याच वर्षी डब्ल्यूएचओनेही सांगून टाकलं की वजन कमी करायला या गोडव्याच्या भानगडीत पडू नका. आईने हेच फुकट सांगितलं होतं.

बाहेर आलो तर टीपॉयवर चहा आणि एक बॉक्स. "तुमच्यासाठी मुद्दाम शुगर फ्री बर्फी आणून ठेवलीय, घ्या ना."

मी बॉक्स उलटा करून चष्मा लावून मागचं बारीक वाचायला लागलो.

"एक्सपायरी बघताय होय? कालच आणलीय हो."