थांबू नये म्हणून लावलेले पैसे

सकाळपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहून टाकते. लांबलं तर लांबलं.

आज फिरून परत येताना कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहा खायला थांबले. शेजारच्या बाकड्यावर दोन मुलं बसली होती. एकाच्या हातात मोबाइल, त्यावर हिरवी-लाल रेघ वरखाली होत होती. मला वाटलं, शेअरचं काहीतरी असेल. तेवढ्यात तो दुसऱ्याला म्हणाला, "आज बोलणी-बिलणी नाही झाली पाहिजे बे. महिनाअखेरपर्यंत असंच चालून राहिलं ना, की आपले पैसे मोकळे."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळून पाहिलं. बारावीला माझ्या गणिताच्या वर्गात होता. "अरे, मॅडम!" म्हणत उठला, पाया पडायला वाकला. चांगला मुलगा आहे, हे आधीच सांगते. पहिल्या बाकावर बसायचा.

मी विचारलं, "कसली बोलणी रे?"

"युक्रेनची, मॅडम."

मग त्याने मला समजावून सांगितलं, अगदी आपुलकीने. एका परदेशी साइटवर प्रश्न टाकलेला असतो: या महिन्याच्या आत रशिया-युक्रेन युद्धविराम होईल का? 'हो' विकत घ्या, नाहीतर 'नाही' घ्या. 'नाही' ९४ सेंटला मिळत होतं. महिना संपेपर्यंत युद्ध थांबलं नाही, की त्याचा पूर्ण एक डॉलर होतो. "बँक एफडीवर वर्षभरात देते तेवढं महिन्यात मिळून राहिलं, मॅडम. आणि रिस्क काहीच नाही. हे युद्ध काही थांबत नाही जी."

तर्रीची वाटी माझ्या हातात तशीच राहिली.

माझ्या यादीतल्या जुन्या लोकांना आठवत असेल, माझी भाची खारकीवला डॉक्टरकी शिकत होती. फेब्रुवारी २०२२. २४ तारखेला पहाटे धमाके सुरू झाले आणि ती पोरं होस्टेलच्या तळघरात उतरली. लाइट येई-जाई, फोन चार्ज करायची मारामार. तिने ताईला सांगून ठेवलं होतं, "आई, लिहीत बसणार नाही. जमेल तेव्हा नुसतं टिंब पाठवीन. टिंब आलं म्हणजे मी आहे."

दहा दिवस आमचं घर त्या टिंबावर जगलं. ताई देवघरासमोर फोन घेऊन बसलेली. टिंब आलं की भाऊजी कालनिर्णयच्या पानामागे वेळ लिहायचे. ४.१०. ७.३५. ११.०५. अक्षर त्यांचं एरवी मोत्यासारखं, पण त्या पानावर बघवत नाही.

१ मार्चला दुपारी १२.५० ला टिंब आलं, आणि मग थांबलं. त्याच दुपारी टीव्हीवर पट्टी सुरू झाली की खारकीवमध्ये एक भारतीय विद्यार्थी मारला गेला, खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला होता. कर्नाटकातला मुलगा होता तो, हे आम्हाला नंतर कळलं. ते कळेपर्यंतचा वेळ मला कोणी परत जगायला सांगू नका. आणि तो आपला नाही हे कळल्यावर घरात जो सुस्कारा निघाला, त्याची मला आजही लाज वाटते. तोही कोणाचा तरी होताच ना.

पुढचं टिंब दुसऱ्या दिवशी सकाळी ७.५५ ला आलं. १९ तास.

आता मला सांगा, त्या १९ तासांचा भाव काय काढायचा? आमचं अख्खं घर देवापुढे बसून "आजच्या आज थांबू दे" म्हणत असताना, पोह्याची प्लेट हातात धरून "अजून काही दिवस चालू दे" म्हणणारा कोणी असेल, तर त्याला काय म्हणायचं? मी आज सकाळी त्याला बघितलं. तो माझ्या पाया पडला.

सट्टा नागपूरला नवा नाही, मान्य. खयवाडी (सट्टा घेणं) आणि लगवाडी (सट्टा लावणं) हे शब्द इथे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत. क्रिकेटचा सीझन आला की कुठल्या फ्लॅटमध्ये किती मोबाइल सापडले, याची बातमी रोजची. निवडणुकीला राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराचा भाव काय निघाला, हे आपण चहा पिताना एकमेकांना विचारतोच. त्यालाही माझा विरोध आहे, घरं बुडताना बघितली आहेत मी. पण मॅच मॅच असते. हरलेला संघ रात्री हॉटेलात जाऊन जेवतो.

मी बावीस वर्षं संभाव्यता शिकवते. पहिल्या तासाला नाणं, दुसऱ्या तासाला फासा, मग पत्ते. या मुलालाही मीच शिकवलं. नाण्याला छापा पडो की काटा, नाण्याचं काही जात नाही, म्हणून तर ते उदाहरण आपण निवडतो. हे त्यांना कधी तोंडाने सांगितलं नाही, सांगायची गरज पडेल असं वाटलंच नव्हतं. युद्ध होईल की थांबेल, यातली एक बाजू म्हणजे माणसं आहेत.

घरी येऊन या धंद्याबद्दल जे सापडलं ते वाचत बसले, आणि राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. २००३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातच अशी एक योजना निघाली होती. मध्यपूर्वेत काय होईल, हल्ले, उलथापालथी, यावर वायदे करायचे, म्हणजे पुढचा अंदाज येईल. जुलैमध्ये रॉन वायडन आणि बायरन डॉर्गन या दोन सिनेटरांनी ती चव्हाट्यावर आणली आणि दुसऱ्याच दिवशी गुंडाळावी लागली. लक्षात घ्या, त्याच वर्षी मार्चमध्ये इराकवर चाल करून गेलेला देश हा. त्यालासुद्धा तेव्हा एवढी चाड होती! आज तेच काम खासगी लोक करतात आणि त्याला 'माहितीचा बाजार' म्हणतात.

यातलं एक मोठं नाव पॉलीमार्केट. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या वायदे नियामकाने नोंदणीशिवाय धंदा केला म्हणून त्यांना १४ लाख डॉलर दंड केला. त्या नियामकाच्या नियमांत युद्ध, दहशतवाद आणि हत्या यांवरच्या सौद्यांना मनाई लिहिलेली आहे. पण बाजार देशाबाहेर मांडला की सगळं चालतं. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. पण मुलं व्हीपीएन लावतात, क्रिप्टोत पैसे भरतात आणि तर्री-पोहा खाता खाता युक्रेनमधल्या डोनेत्स्कचा भाव बघतात.

डोनेत्स्कवरून आठवलं. तिथलं मिर्नोह्राद नावाचं शहर. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर पैज होती, रशिया अमुक तारखेच्या आत ते घेईल का. निकाल कशावरून? वॉशिंग्टनच्या एका अभ्यास संस्थेचा युद्धाचा नकाशा असतो, त्यावरून. निकालाच्या आधी त्या नकाशात रशिया पुढे सरकल्याचं दिसलं, पैज त्याप्रमाणे सुटली, आणि मग तो बदल नकाशावरून गायब. बदल परवानगीशिवाय झाला होता, असं त्या संस्थेला जाहीर करावं लागलं. नकाशावरची रेघ! त्या रेघेखाली तळघरं आहेत हो. आमची पोरगी अशाच एका रेघेखाली बसून टिंब पाठवत होती.

आणि ज्यांना आतली खबर असते त्यांचं काय? ३ जानेवारी २०२६ ला अमेरिकेने व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो यांना उचलून नेलं. ती बातमी फुटायच्या आधी, नव्यानेच उघडलेल्या एका खात्यावरून सुमारे ३२ हजार डॉलर लागले होते, मादुरो जाणार म्हणून. सुटले ४ लाखांच्या वर. इस्रायलमध्ये तर राखीव दलातल्या एका सैनिकावर आणि एका नागरिकावर खटला भरला गेला, गुप्त माहिती वापरून लष्करी कारवायांवर पैजा लावल्या म्हणून. उद्या हल्ल्याचा मुहूर्त ज्याला माहीत आहे, त्याचेच पैसे त्या मुहूर्तावर लागलेले असतील, तर तो हल्ला टाळायला धडपडेल का? मला उत्तर नको, मला माहीत आहे.

हो, मला हेही माहीत आहे की हे भाव कधी कधी टीव्हीवरच्या तज्ज्ञांपेक्षा बरे निघतात, २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत निघाले. निघोत. आणि युद्ध आलं की संरक्षण कंपन्यांचे शेअर चढतात, आपले म्युच्युअल फंड त्यात असतात, आपण कुठे विकतो, असं कोणी लिहिणार असेल तर तेही खरं आहे. मला टोचतं ते. पण माझ्या फंडाला युद्ध थांबलं तर चालतं. त्या मुलाच्या 'नाही'ला चालत नाही. महिन्याच्या तीस तारखेपर्यंत रोज तिथे कोणीतरी मरत राहिलं तरच त्याला सहा सेंट मिळणार आहेत.

भाद्रपदात इतवारीतून मारबती (रोगराई घालवायला काढायचे पुतळे) निघतात तेव्हा लहानपणापासून आपण घसा बसेपर्यंत ओरडत आलो: रोगराई घेऊन जा गे मारबत! यंदा बडग्या काढणाऱ्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे, याचा बडग्या, म्हणजे निषेधाचा पुतळा, काढा. मोठा काढा. मी वर्गणी देते.

जेवण झालं, पुन्हा लिहायला बसले. वरचं वाचलं. त्या मुलाबद्दल बोलताना माझा तोल गेला थोडा. तसाच राहू देते, पण पुढचंही सांगायला हवं.

मी त्याला तिथेच भाचीचं सांगितलं. टिंबाचं, कालनिर्णयचं, १९ तासांचं. त्याचा मित्र फोनमध्ये बघत राहिला. हा मात्र ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, मी नाही लावले तर काय युद्ध थांबणार आहे का?" उर्मटपणे नव्हता म्हणाला, खरंच विचारत होता. तीन वर्षांपासून स्पर्धा परीक्षा देतो आहे. एकदा दोन मार्कांनी गेलं, एकदा परीक्षाच पुढे ढकलली. रात्री जेवणाचे डबे पोहोचवतो. घरी वडिलांना वाटतं, पोरगा अभ्यास करतो. त्या अॅपवरच्या रेघेइतकं वेळेवर काहीच त्याच्या आयुष्यात झालेलं नाही, तीस तारखेला निकाल म्हणजे तीस तारखेला. हे मला समजतं. त्याच्यावर मला आता तेवढा राग नाही. राग आहे तो ज्यांनी हे दुकान मांडलं त्यांच्यावर. अशा पोराच्या हातात त्यांनी दुसऱ्याच्या पोरांचं मरण एफडी म्हणून दिलं.

पण बाळा, तू वाचत असशील तर सांगते. तू लावले नाहीस तर युद्ध थांबणार नाही, बरोबर आहे. पण सकाळी तू म्हणालास, "आज बोलणी नाही झाली पाहिजे." ते वाक्य तुझं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तू ते बोलला नसतास. ९४ सेंट दिले म्हणून तुझ्या तोंडात आलं. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत, वायुसेना नगरमधल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी रात्रभर दिवा जळत होता, मुलगा सीमेजवळ होता म्हणून. १० तारखेला संध्याकाळी युद्धविरामाची बातमी आली तेव्हा ती मला फोनवर एक शब्द बोलू शकली नाही, नुसती रडली. त्या संध्याकाळी कोणाचा तरी 'नाही' बुडाला असेल आणि त्याने कपाळावर हात मारला असेल. तू त्या माणसाच्या बाकड्यावर जाऊन बसू नकोस रे.

भाचीचं विचाराल म्हणून सांगते. २ मार्चला दूतावासाने सांगितलं, खारकीव सोडा, मिळेल तसे निघा. बसगाड्या नव्हत्या, रेल्वेत शिरू देत नव्हते. ती पोरं पायी निघाली, पेसोचिनपर्यंत. वाटेत फोन बंद पडला तो मैत्रिणीच्या फोनवरून टिंब. पुढे पोलंड, मग दिल्ली, मग आपलं स्टेशन. फलाटावर ताईने तिच्या तोंडावरून हात फिरवला तो फिरवतच राहिली, गर्दी दोन्ही बाजूंनी जात होती. आता ती इथेच एका हॉस्पिटलमध्ये आहे. खारकीवला तिच्यासोबत राहायची ती युक्रेनी मुलगी अजून तिकडेच आहे, तिच्याशी बोलणं होतं अधूनमधून. ड्युटीवर पोहोचली की आजही भाची आईला टिंबच पाठवते.

मघाशी त्या मुलाचा मेसेज आला. "मॅडम, रागावलात का?"

त्याला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं आहे. भाचीला त्या दिवशी सुट्टी आहे. ताईला फोन करून कालनिर्णयचं ते पान मागून घेतलं. तिने ते पोथीत जपून ठेवलं होतं. "कशाला हवं गं?" म्हणाली. म्हटलं, येऊन सांगते.