किमान वेतन वाढलं की भाव तेवढेच वाढतात? नाही

‘किमान वेतन दहा टक्के वाढवलं की सगळंच दहा टक्क्यांनी महागतं, कामगाराच्या हाती काही उरत नाही,’ असा मेसेज फिरतोय. हा हिशोबच चुकीचा आहे. उत्पादनखर्चाच्या 100 भागांत मजुरी 30 असेल, तर मजुरी 10 टक्के वाढल्यावर खर्च थेट वाढतो तो 3 भागांनी. कच्चा माल, भाडं, वीज मजुरीइतकी वाढत नाही. भाव थोडे चढतात, हे खरं. पण वेतन गोठवलं म्हणून घरभाडं आणि किराणा थांबत नाही. पगाराचा आकडा तोच राहतो आणि घरात येणारं सामान मात्र कमी होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1970च्या 131 क्रमांकाच्या करारातच किमान वेतन ठरवताना उत्पादकता, रोजगार यांच्यासोबत कामगाराच्या कुटुंबाच्या गरजा आणि राहणीमानाचा खर्च पाहायला सांगितलं आहे.