‘गॅस भरा, कंप्रेसर वाचवा’ हा सल्लाच कंप्रेसरच्या मुळावर येतो

मार्च लागला की नाशिकच्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. निफाड-दिंडोरीची द्राक्षं आणि लासलगाव-पिंपळगावचा कांदा वाहणाऱ्या अनेकांना तो येऊन गेला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीचा एसी गार करेना किंवा कंप्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, आवाज करायला लागला, तर गॅस संपलाय असं समजा. गॅस दरवर्षी संपतोच, तेव्हा उन्हाळ्याआधी भरून घ्या आणि सोबत थोडं इंजिन ऑइल सोडा. गॅस महाग वाटला तर घरच्या सिलिंडरचाही चालतो. कंप्रेसर गेलाच तर तेवढाच बदला, बाकीचं एसीवाले माथी मारतात. तोवर एसी बंद ठेवून गाडी बिनधास्त पळवा. तसाही एसी ही चैनच आहे.

मी गाड्यांच्या एसीचंच काम करतो. हा मेसेज मनावर घेऊन भाड्याच्या ऐन हंगामात गाडी उभी करावी लागलेले लोक मला भेटतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गॅस दरवर्षी संपतोच.’ संपत नाही. एसीचा गॅस डिझेलसारखा जळत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होजमधून आणि कंप्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडा झिरपतो हे खरं, पण त्याने फरक पडायला वर्षं जातात. एका वर्षात गार करणं बंद झालं असेल तर कुठेतरी लिकेज आहे. आणि खरा धोका इथेच आहे, कारण कंप्रेसरला वंगण देणारं ऑइल त्याच गॅसबरोबर फिरतं. गॅस कमी झाला की ऑइल परत येणंही कमी होतं आणि कंप्रेसर कोरडा चालतो. लिकेज तसंच ठेवून दर मार्चला गॅस मारणारा माणूस उरलेलं वर्ष कंप्रेसर झिजवत असतो. लिकेजच्या जागी ऑइलचा चिकट डाग आणि त्यावर धूळ दिसते. पाइपांचे जोड, कंडेन्सरचा (पुढच्या जाळीमागे असतो, त्यात गरम गॅस थंड होतो) खालचा भाग आणि कंप्रेसरचं तोंड आधी बघा. तरीही सापडलं नाही तर नायट्रोजनने दाब देऊन शोधता येतं.

त्यात भर म्हणजे अनेक ठिकाणी गाडी बंद असताना गेज (दाब दाखवणारं मीटर) लावून ‘गॅस बरोबर आहे’ म्हणून सांगतात. गाड्यांच्या एसीत सहसा असणारा आर-१३४ए गॅस ३० अंशांना साधारण ९५ ते १०० पीएसआय (दाबाचं माप) दाखवतो, आणि आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी तेवढाच दाखवतो. त्यावरून किती ग्रॅम आहे ते कळत नाही. गॅस वजनावरच भरायचा असतो. किती ग्रॅम लागतो ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरला तरी दाब वाढून मार कंप्रेसरलाच बसतो.

‘आवाज म्हणजे गॅस कमी.’ आवाजाची कारणं बरीच आहेत आणि ती वेगळी ओळखता येतात. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर बहुधा पुलीचं बेअरिंग गेलंय. कंप्रेसर आतून धड असेल तर नुसतं बेअरिंग बदलून भागतं. बटण दाबल्यावर ‘टक’ आवाज येत नसेल आणि पुलीच्या तोंडावरची प्लेट (कंप्रेसरला पुलीशी जोडणारा हा क्लच) फिरत नसेल, तर फ्यूज, रिले, या क्लचची कॉइल आणि प्रेशर स्विच तपासा. गॅस फार कमी झाला की हाच स्विच कंप्रेसर चालू होऊ देत नाही, आणि तो त्याला वाचवण्यासाठीच असतो. काही जण वायर जोडून तो बायपास करतात. ते कधीही करू देऊ नका.

गाडी पळताना गार आणि द्वारका चौकात अडकल्यावर गरम, असं होत असेल तर कंप्रेसरच्या आधी कंडेन्सर आणि त्याचा पंखा बघा. बाजार समितीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरमध्ये धूळ आणि कांद्याची फोलपटं अडकतात. हवा लागत नाही, दाब चढतो आणि कंप्रेसरवर ताण येतो. साध्या नळीच्या पाण्याने ते धुता येतं.

कंप्रेसर खरंच आतून गेलाय का, हे चालत्या एसीवर दोन्ही गेज लावल्यावर कळतं. धडधाकट यंत्रणेत उन्हाळ्यात लो साइड (कंप्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) साधारण ३० ते ४५ पीएसआय आणि हाय साइड (कंप्रेसरमधून निघणारी जास्त दाबाची बाजू) दोनशेच्या आसपास किंवा वर असते. गॅस पुरेसा असून आणि क्लच धरत असूनही दोन्ही काटे एकमेकांच्या जवळच राहिले, तर कंप्रेसर दाब तयार करत नाहीये. मग कितीही गॅस मारा, उपयोग नाही.

‘इंजिन ऑइल सोडा.’ मुळीच नको. हे ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे ते गॅसबरोबर न फिरता कंडेन्सर आणि केबिन गार करणाऱ्या कूलिंग कॉइलमध्ये साचून बसतं. लागतं ते एसीच्या कंप्रेसरसाठीचं पॅग ऑइल, आणि तेही त्या कंप्रेसरला सांगितलेल्या ग्रेडचंच. पॅग हवेतली ओल पटकन शोषतं, म्हणून उघडा पडलेला डबा वापरू देऊ नका.

घरच्या सिलिंडरच्या गॅसने गार होतं, हे मान्य. पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे, म्हणजे तुमच्या गुडघ्यांसमोर असते. ती लिक झाली तर पेटणारा गॅस बंद केबिनमध्ये शिरतो आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली पायांशी साचतो. एक ठिणगी पुरेशी आहे.

‘फक्त कंप्रेसर बदला.’ खिशाला हा सल्ला सगळ्यात गोड वाटतो आणि नुकसानही सगळ्यात जास्त करतो. कंप्रेसर आतून खाल्ला गेला की धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे पसरतो. आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्यांमधली भोकं इतकी बारीक असतात की फ्लशिंग करूनही, म्हणजे आतून धुऊनही, तो चुरा पुरता निघत नाही. नवा कंप्रेसर बसवला की तोच चुरा फिरून त्याच्यात जातो. म्हणून जुना कंप्रेसर काढल्यावर त्यातलं ऑइल पांढऱ्या कापडावर ओतायला सांगा. काळं किंवा चमचमणारं निघालं तर कंडेन्सर, ड्रायर (आतली ओल शोषणारा भाग) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलआधी गॅसचा दाब उतरवणारा) बदलावेच लागतात, आणि पाइप व कूलिंग कॉइल फ्लश करावी लागते. ऑइल स्वच्छ असेल आणि नुसता क्लच किंवा सील गेलं असेल, तर कंडेन्सर बदलायची गरज नाही. उगाच बदलायला सांगणारेही आहेत, एवढं मेसेजचं म्हणणं खरं आहे. ड्रायर मात्र यंत्रणा उघडली की बदलावाच, आणि गॅस भरण्याआधी किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारायला, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढायला लावा. आतली ओल त्यानेच निघते.

चैनीबद्दल इतकंच सांगतो. २०२५ मध्ये लागू झालेल्या नियमानुसार नव्याने बनणाऱ्या, मालासह साडेतीन टनांवरच्या मालट्रकांत ड्रायव्हरच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. बहुतेक पिकअप त्याहून हलक्या, म्हणून त्या नियमात बसत नाहीत. पण एप्रिलमध्ये दुपारी वाशीला माल घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला ऊन काही कमी लागत नाही.

राहिलं ‘एसी बंद ठेवून पळवा.’ एसी बंद असला तरी पुली फिरतच असते. तिचं बेअरिंग जाम झालं तर बेल्ट जळतो किंवा तुटतो. बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंपही फिरवतो. तो कसारा घाटात तुटला तर थोड्याच वेळात इंजिन तापेल. म्हणून आधी बॉनेट उघडून बघा. एसीचा बेल्ट वेगळा असेल तर तो काढून ठेवा आणि सवडीने काम करा. एकच बेल्ट असेल आणि एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर बेअरिंग बदलल्याशिवाय इगतपुरीच्या पुढचं भाडं घेऊ नका.